वावेतली हाक

त्या वर्षी श्रावण लागला तरी मी कहाणी सांगायला गेले नाही. आमच्या बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या भजनी मंडळात श्रावणातल्या दुपारी कहाण्या सांगायचं काम माझ्याकडे असतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं, आवाज खणखणीत, त्यात स्वभाव तोंडाळ, म्हणून बायकांनी ते माझ्या गळ्यात घातलं आणि मला ते आवडतही होतं, खोटं कशाला बोलू. आदल्या वर्षी तर मी श्रावणभर एकच विषय घेतला होता: पाताळात गेलेल्या बायका. वटपौर्णिमेच्या कथेतली ती, जी यमाच्या मागे चालत राहिली आणि बोलता बोलता नवऱ्याला परत घेऊन आली. भूमी दुभंगून तिच्या पोटात गेलेली ती राणी, जिला परत यायचंच नव्हतं. आणि नागपंचमीच्या कहाणीतली माहेर नसलेली सून, जिला नाग मामा होऊन पाताळात माहेरपणाला घेऊन गेला. ‘पुरुष पाताळात जातो तो जिंकायला, बाई जाते ती कुणाला तरी आणायला,’ असं मी हात उंचावून म्हणायचे आणि बायका माना डोलवायच्या. कुणीतरी डोळेही पुसायचं. मग चहा व्हायचा आणि आम्ही घरोघर जायचो.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. पुढच्याच आषाढात माझी मुलगी मानसी पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला बडोद्याला आली, माहेरी. मी डिंकाचे लाडू केले, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली, शेजारच्या हंसाबेननी पाळणा आणून दिला. मुलगी झाली. पहाटे झाली आणि तिनं संध्याकाळ पाहिली नाही. हृदयातच काही दोष होता, डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, पण ते माझ्या कानांवरून गेलं. दात न आलेलं मूल दहन करत नाहीत, मातीत ठेवतात. जावई आणि आमचे हे तिला घेऊन गेले. बायकांनी जायचं नसतं, म्हणून मी गेले नाही आणि मानसी तर खाटेवरच होती. हे दोघं परत आले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, ‘कुठे ठेवलंत तिला?’ खोलीतल्या सगळ्यांनी एकदम तिला गप्प केलं. आता ते विचारू नकोस, राजा, विसर, अजून वय आहे तुझं. त्यांतलं निम्मं मीच बोलले असेन.

घरी आल्यावर आम्ही पाळणा परत पाठवला आणि दुपटी माळ्यावर टाकली. मानसीपुढे तो विषय काढायचा नाही, असं न ठरवताच ठरलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आपल्याकडे रीतच तशी आहे. बारसं झालेलं नव्हतं म्हणून नाव नव्हतं, आणि नाव नसलेल्या माणसाबद्दल बोलणार तरी काय? जावई सुट्टी संपली की पुण्याला जायचा, पुन्हा शनिवारी यायचा, तिच्याजवळ बसायचा आणि तसाच परत जायचा. आम्ही हवेबद्दल बोलायचो, भाजीबद्दल बोलायचो. मानसी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. वाढलं तर खायची, सांगितलं तर अंघोळ करायची. हो आणि नाही याच्या पलीकडे ती बोलेनाशी झाली.

आणि दूध येत होतं. देहाला कोण सांगणार? डॉक्टरांनी दूध आटवायची गोळी दिली होती, ती तिनं घेतली नाही. रोज सकाळी ती दार लावून वाटीत दूध काढायची आणि वाटी माझ्या हातात द्यायची. आईचं दूध पायदळी येऊ नये म्हणतात, म्हणून मी ते परसातल्या पारिजातकाच्या बुंध्याशी ओतायचे. ती वाटी कोमट असायची. परत आत येताना मी चेहरा नीट करून यायचे. घरात एकानं तरी खंबीर राहायला हवं होतं, असं मला वाटायचं.

मला काय हवं होतं ते सांगते. माझी मानसी लहानपणापासून माझ्यावरच गेलेली, मला उलट बोलणारी, माझ्या चुका काढणारी. ‘आई, तू ना, ऐकायचंच नाही कुणाचं,’ हे तिचं पालुपद. त्याचा मला एके काळी संताप यायचा. आता मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या एका वाक्यासाठी झुरत होते. मी मुद्दाम आमटी अळणी केली, मुद्दाम तिची आवडती ओढणी गरम पाण्यात घालून रंग घालवला. तिनं आमटी तशीच खाल्ली. तीच ओढणी अंगावर घेऊन भिंतीकडे वळून झोपली. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली की ही आता परत येणार नाही.

डॉक्टरांकडे आम्ही नेत होतो, हेही सांगायला हवं. मनाच्या आजारांच्या एक शांत बाई होत्या, त्यांनी औषध सुरू केलं, धीर धरा म्हणाल्या, वेळ लागेल म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही. धीर माझाच सुटत चालला होता. मी शुक्रवार धरले, सोमवार धरले, खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी करावी तशी देवीशी घासाघीस केली. हिचं बोलणं परत दे, मी गोड सोडते. नाही? बरं, तांदूळही सोडते. मग मी देवघरापुढे बसून तिला सरळ सुनावलं, की एवढ्या कहाण्या मी तुझ्या सांगितल्या, बायकांना रडवलं, आणि माझ्या वेळेला तू तोंड फिरवलंस. मंडळातून निरोप आला, श्रावण सुरू झाला, येताय ना? मी नाही म्हणून कळवलं. ज्या गोष्टीवर माझाच विश्वास उरला नव्हता ती दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

अशात एकदा हंसाबेन आल्या. तीस वर्षांचा शेजार, त्यामुळे त्यांना आमच्या घरातलं सगळं ठाऊक. ओट्यापाशी उभ्या राहून हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘टीचरबेन, गुस्सो न करो तो एक वात कहुं?’ रागावणार नसाल तर एक सांगू का. शहराबाहेर, शेतांच्या मधे, एक जुनी वाव आहे म्हणाल्या. वाव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी जमिनीत उतरत जाणारी खोल विहीर, गुजरातेत जागोजाग असते. तिच्या तळाशी कोनाड्यात माताजी आहेत. जिची कूस भरून रिकामी झाली, ती बाई सव्वा महिना उलटल्यावर तिथे उतरते आणि आपलं दूध त्या पाण्यात सोडते. ‘अमारामां एवो रिवाज छे,’ आमच्यात तशी रीत आहे, एवढंच त्या म्हणाल्या. मी रागावले. म्हटलं, हंसाबेन, तुम्हीसुद्धा? त्या अवस्थेतल्या मुलीला मी जमिनीच्या पोटात उतरवू? त्यांनी माझी कोथिंबीर निवडून दिली आणि गेल्या.

मी वळले तर मानसी दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हणाली, ‘मला तिथे जायचंय.’

एवढं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकत होते. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तिला काही करावंसं वाटतंय हेच चांगलं आहे, बरोबर राहा. हे यायला निघाले, पण मानसीनं नको म्हणून मान हलवली. निघताना यांनी माझ्या हातात काठी दिली. माझे गुडघे तेव्हाच कामातून गेले होते. मी ती काठी दारामागे ठेवून दिली. मुलीला सावरायला निघालेली बाई काठी टेकत कशी जाईल?

रिक्षावाल्यानं आम्हाला कच्च्या रस्त्याच्या टोकाला सोडलं. कडुलिंबाच्या दोन झाडांमधून पायऱ्या खाली जात होत्या. वर सकाळचं ऊन, आजूबाजूला एरंडाची शेतं, देवीला वाहायच्या चुनड्या आणि नारळांचं एक दुकान. मानसीच्या हातात कडीचा छोटा डबा होता. मी पुढे झाले. भिंत धरून, एक पाय टेकवून मग दुसरा, अशी उतरत होते. पहिल्या टप्प्यानंतर हवा थंड झाली. दुसऱ्यानंतर वरचा आवाज गेला, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा, कावळ्यांचा, सगळाच. उतरताना मी मनात मागणं जुळवत होते. शब्दांत मी कधी कमी पडलेली नाही. त्या वटपौर्णिमेच्या कथेतल्या बाईसारखं असं बोलायचं, की समोरच्याला नाही म्हणताच येऊ नये.

तळाशी हिरवं पाणी होतं आणि त्याच्या काठाशी शेंदूर लावलेली एक लहानशी मूर्ती, अंगावर चुनडी. एक म्हातारी बाई कोनाड्यात साचलेली ओली पानं हातानं काढत होती. छापील साडी, डोक्यावर पदर. तिनं आमच्याकडे पाहिलं, मानसीच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि हात पुसून सरकून जागा दिली. मी हात जोडले आणि माझं मागणं सुरू करणार, तेवढ्यात तिनं मानसीला विचारलं, अगदी सहज, कुणाच्याही मुलाबद्दल विचारावं तसं:

‘शुं नाम राख्युं’तुं, बेटा?’

काय नाव ठेवलं होतंस. मी चटकन पुढे होऊन म्हणणार होते, की नाव ठेवलंच नव्हतं, आमच्यात बारशापर्यंत ठेवत नाहीत. पण मानसी म्हणाली, ‘केतकी.’

मला हे नाव माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. पोटात होती तेव्हापासून, मुलगीच असं धरून, मानसी तिला त्या नावानं बोलवत होती, आणि आम्ही घरात हवा-पाण्याच्या गप्पा मारत असताना ती भिंतीकडे तोंड करून त्या नावाशीच बसलेली होती.

म्हातारीनं मान हलवली. डब्याचं झाकण काढायला मदत केली. मग पाण्याकडे वळली आणि दुसऱ्या खोलीतल्या मुलीला बोलवावं तशी मोठ्यानं हाक मारली, ‘केतकी! ओ केतकी बेटा! जो, तारी मा आवी छे. तारा माटे दूध लावी छे.’ बघ, तुझी आई आलीय, तुझ्यासाठी दूध घेऊन. भिंतींवरून ती हाक फिरली, वरच्या टप्प्यांपर्यंत गेली आणि पुन्हा आमच्यापर्यंत आली. मानसीनं डबा कलता केला. हिरव्या पाण्यात पांढरी रेघ उमटली, थोडी पसरली आणि नाहीशी झाली. आणि मग माझी मुलगी रडली. दवाखान्यात रडली नव्हती इतकी, मोठ्यानं, गळा काढून, खाली बसून. मी तिला गप्प करायला वाकले, तर म्हातारीनं माझा हात धरला. ‘रडवा दो,’ म्हणाली, रडू दे. मी थांबले.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मानसीचे हुंदके हळूहळू सुटे झाले. तेव्हा म्हातारीनं ओल्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘हवे उपर जा. अहीं तो अमे बेठां छीए ने, एनुं ध्यान राखवा.’ आता वर जा. इथे आम्ही बसलोय ना, तिची काळजी घ्यायला. आणि ती परत आपल्या पानांकडे वळली, जणू बोलायचं ते बोलून झालं होतं. मानसीनं देवीला नमस्कार केला, म्हातारीला केला, ओढणीनं तोंड पुसलं आणि पायऱ्या चढायला लागली.

मी मात्र बसले होते. सगळ्यात खालच्या पायरीवर. ‘अमे बेठां छीए’ हे ऐकलं आणि माझ्यात काहीतरी तुटलं. त्या एका दिवसात मी नातीला थोडा वेळ घेतलं होतं. खिडकीशी नेऊन ऊन दाखवलं होतं. तिनं माझं बोट मुठीत धरलं होतं, आणि ती मूठ अशी घट्ट होती की मी नर्सला हसून म्हटलं होतं, ही माझ्या वळणावर जाणार. हे मी कुणापाशी बोलले नव्हते. आजी रडायला लागली तर आईनं काय करायचं, म्हणून गिळून टाकलं होतं. आता ते सगळं वर आलं. पोटच्या पोरीला न्यायला मी खाली आले होते, आणि मलाच वाटत होतं की इथंच बसावं, या पाण्याजवळ, कारण माझी नात या बाजूला होती. भूमीच्या पोटात गेलेल्या त्या राणीबद्दल मी वर्गात बोलले, मंडळात बोलले, पण तिला परत का यायचं नव्हतं ते मला त्या पायरीवर कळलं. वर काही नव्हतंच मुळी.

‘आई?’

मानसी वरच्या टप्प्यावर थांबून खाली बघत होती.

‘तू हो पुढे,’ मी म्हटलं. ‘मी येते.’

‘येते कशी?’

मी उठायला गेले आणि गुडघ्यांनी साफ नाही म्हटलं. पुन्हा बसले. हसण्याचा प्रयत्न केला, तोही जमला नाही, आणि तिच्यासमोर मी रडायला लागले. एवढे दिवस जे टाळलं तेच झालं. मला वाटलं, आता ही घाबरेल, पुन्हा आत कुठेतरी निघून जाईल. पण पावलं वाजली. ती परत खाली आली, एकेक पायरी, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझं रडणं तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

‘तुलाही ती हवी होती,’ ती म्हणाली.

मी मान हलवली.

‘मला वाटलं तुम्ही सगळे विसरलात.’

मग तिनं डबा काखेत मारला, माझ्याच पदरानं माझं तोंड पुसलं आणि कमरेवर हात ठेवले. ‘काठी कुठेय? बाबांनी दिली होती ना? दारामागे ठेवलीस, मी बघितलं. आई, तू ना, ऐकायचंच नाही कुणाचं. ऊठ. हात दे. तो नाही, भिंतीकडचा. आता पाय ठेव. घाई कसली झालीय तुला?’

अशी ती मला वर घेऊन आली. प्रत्येक टप्प्यावर बसवून, दम खाऊ देऊन, मधूनमधून रागावून. मी एक शब्द उलट बोलले नाही. माझ्या आयुष्यात इतकी गोड बोलणी मी कधी खाल्ली नव्हती. कोण कुणाला आणायला गेलं होतं आणि कुणी कुणाला आणलं, याचा हिशोब मी त्यानंतर कधी लावला नाही. वर आलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि दोघींना सपाटून भूक लागली होती.

घरी आल्यावर मानसीनं यांना पुन्हा तोच प्रश्न विचारला, कुठे ठेवलंत तिला. या वेळी आम्ही कुणीच तिला गप्प केलं नाही. हे उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, चल. अकोट्याच्या पुढे, नदीच्या बाजूला ती जागा आहे. तिथे सदाफुलीचं रोप लावलेलं होतं आणि त्याच्या बुंध्याशी माती ओली होती. माझा अबोल नवरा रोज सकाळी फिरायला म्हणून कुठे जात होता ते मला तिथे कळलं. मानसीनं यांना नाव सांगितलं. यांनी ते एकदा उच्चारून पाहिलं.

सगळं त्या दिवशी बरं झालं, असं मी म्हणणार नाही. औषध पुढे बरेच महिने चाललं, अजूनही काही दिवस तिचे वाईट जातात. दिवाळीनंतर ती पुण्याला गेली. फोनवर मला बोल लावते, तेवढ्यावर माझा दिवस जातो. नवरात्रात मी एकदा काठी घेऊन त्या वावेवर गेले, म्हातारीसाठी लुगडं घेऊन. ती नव्हती. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘घणी बायरीओ आवे छे, बेन. केवी हती?’ पुष्कळ बायका येतात, कशी होती? मला तिचा चेहराच आठवेना. हाक तेवढी आठवत होती. लुगडं देवीपुढे ठेवून मी परत आले. ती गावातली कुणी म्हातारी असेल, आपलं कुणी तिथं ठेवून आलेली असेल, किंवा आणखी कुणी असेल. मी त्याचा खल करत नाही. तिनं ‘अमे’ म्हटलं होतं, म्हणजे आम्ही; ‘हुं’, म्हणजे मी, असं नाही, एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं आहे.

मंडळात मी पुन्हा कहाण्या सांगते. आवाज तसाच आहे, हात मात्र फारसा उंचावत नाही. देवीशी घासाघीसही बंद झाली. मागायचं काय ते मला कळेनासं झालं आहे, आणि त्याचं वाईट वाटत नाही. आपल्या हातात नाही ते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे राहू द्यावं, हे मी तोंडानं कितीदा सांगितलं होतं. ते करायला एवढ्या पायऱ्या उतराव्या लागल्या.

आता संध्याकाळी दिवा लावला की हात जोडून एवढंच म्हणते, की तुम्ही बसला आहात ना तिथे, मग माझी काही तक्रार नाही. फक्त केतकी दुपारची कुरकुरली तर पाय लांब करून पायांवर घ्या आणि थोपटा. आमच्या घरातली मुलं तशीच झोपतात.